भुतालाही नियम हवेत : आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सचित्र विनोदी भूतकथामाला रचताना

इंग्रजी प्रकाशनव्यवहारात आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या पुस्तकांना 'मिडल ग्रेड' असे नाव आहे, आणि मराठी शाळेच्या हिशेबाने हा वाचक साधारण तिसरी ते सातवीतला ठरतो. तो अक्षरे जुळवत वाचण्याच्या टप्प्यातून बाहेर पडलेला असतो आणि एका बैठकीत प्रकरण संपवू शकतो. भूत नसते हे त्याला दिवसा पक्के ठाऊक असते. मात्र रात्री दिवे गेल्यावर मागच्या खोलीतून मेणबत्ती आणायला सांगितली की तेच ज्ञान डळमळू लागते. विनोदी भूतकथेचे सारे भांडवल या डळमळण्यात आहे, आणि ते नीट न ओळखल्यामुळे या प्रकारातील पुष्कळ पुस्तके फसतात. त्यांत भूत पहिल्याच पानावर घसरून पडते, शिंकते, झुरळाला घाबरते. अशा भुताची भीती उरत नाही आणि भीती गेली की हसण्याचे कारणही उरत नाही. म्हणून ज्यांना अशी कथामाला, म्हणजे तीच पात्रे व तेच जग घेऊन क्रमाने येणारी पुस्तके, लिहायची किंवा चितारायची असेल, त्यांनी भुताला विदूषक करण्याचा मोह पहिल्यांदा आवरावा. भूत त्याच्या स्वतःच्या जगात पूर्ण गंभीर असावे, त्याच्यावर काटेकोर नियमांचे बंधन असावे, आणि हसू त्या नियमांची माणसांच्या रोजच्या व्यवहाराशी गाठ पडल्यामुळे यावे.

नियमातून कथा कशी उगवते याचा उत्तम नमुना म्हणजे ओटफ्रीड प्रॉइस्लर या जर्मन लेखकाचे १९६६ साली प्रसिद्ध झालेले, एका छोट्या भुताची गोष्ट सांगणारे आणि एफ. जे. ट्रिप यांनी चितारलेले पुस्तक. हे भूत एका किल्ल्यात राहते, गावातल्या नगरभवनाच्या घड्याळात रात्रीचे बाराचे ठोके पडले की जागे होते आणि तासाभराने पुन्हा झोपी जाते. जग दिवसाच्या उजेडात कसे दिसते हे पाहण्याची त्याला अनावर इच्छा आहे, पण नियम आडवा येतो. पुढे ते घड्याळच बारा तासांनी इकडचे तिकडे होते, भूत भर दुपारी जागे होते, सूर्यप्रकाश लागताच पांढऱ्याचे काळे पडते, आणि त्याला पाहून गावकऱ्यांची धावाधाव सुरू होते. येथे लेखकाने विनोदासाठी वेगळी खटपट केलेली नाही. एक नियम घालून दिला, तो एका यांत्रिक कारणाने उलटवला आणि परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे निभावले, इतकेच.

यावरून काढण्यासारखी पहिली सूचना अशी, की गोष्ट लिहायला बसण्यापूर्वी लेखकाने भुताची नियमवही तयार करावी. भूत कोणाला दिसते, वस्तू उचलू शकते की नुसती हलवू शकते, भिंतीतून जाताना हातातला कंदील भिंतीच्या अलीकडे राहतो का, ते खाते का, थकते का, कोणती हद्द ओलांडू शकत नाही, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात असावीत. नियम पाच-सहाच असावेत. त्याहून अधिक झाले तर ते लेखकालाच आठवत नाहीत, आणि बालवाचकाला मात्र सगळे आठवतात. दहा वर्षांचे मूल तर्काच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असते. पहिल्या भागात दारातून न जाऊ शकणारे भूत तिसऱ्या भागात सोयीसाठी दारातून गेले, तर ते मूल पुस्तक खाली ठेवून भाषण ठोकते. नियम मोडायचाच असेल तर एका भागात एकच मोडावा, आणि तो मोडणे हाच त्या भागाचा विषय असावा.

नियमांइतकीच गरज असते ती भुताच्या हव्यासाची, म्हणजे ज्या अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीमुळे ते मागे राहिले तिची. मराठी लोकसमजुतीत 'वासना अडकणे' असे ज्याला म्हणतात तेच हे. सूड, खून, पुरलेला खजिना ही कारणे झिजून गेली आहेत आणि विनोदाला ती फारशी उपयोगीही नाहीत. हव्यास क्षुल्लक वाटणारा, पण भुताच्या दृष्टीने प्राणांहून मोलाचा असावा. केट क्लाइस आणि एम. सारा क्लाइस या अमेरिकन भगिनींनी २००९ ते २०१५ या काळात रचलेली '४३, ओल्ड सिमेटरी रोड' ही सात पुस्तकांची माला या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. लेखन केट यांचे आणि चित्रे सारा यांची. इलिनॉय राज्यातील एका काल्पनिक गावातल्या जुन्या वाड्यात ऑलिव्ह सी. स्पेन्स या लेखिकेचे भूत राहते, आणि तिचा हव्यास असा की हयातीत एकही पुस्तक छापून न आल्यामुळे, ते छापून येईपर्यंत ती वाडा सोडणार नाही. त्याच वाड्यात इग्नेशियस बी. ग्रम्प्ली हा चिडखोर, कित्येक वर्षांत एक ओळही न सुचलेला आणि भुतांवर मुळीच विश्वास नसलेला बालसाहित्याचा लेखक उन्हाळ्यापुरता भाडेकरू म्हणून येतो, आणि तेथे त्याला सीमोर होप हा अकरा वर्षांचा मुलगा भेटतो, ज्याचे आईवडील भुते नसतात हे सिद्ध करण्यासाठी व्याख्याने देत युरोपभर फिरत आहेत आणि मुलाला मागे टाकून गेले आहेत.

या रचनेत लेखनाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे असे बरेच काही आहे. न छापली गेलेली लेखिका, न लिहू शकणारा लेखक आणि चित्रे काढणारा एकटा मुलगा या तिघांच्या उणिवा एकमेकींत बसतात, त्यामुळे त्यांचे एकत्र येणे उपदेशाशिवाय घडते. अखेर तिघे मिळून पुस्तक लिहू लागतात आणि सीमोर त्याची चित्रे काढतो. मुलाला टाकून जाणारे आईवडील हा विषय खरे तर भुतापेक्षा भयंकर आहे, आणि क्लाइस भगिनींनी तो हसत-हसत पण न लपवता मांडला आहे. भूत प्रेमळ, माणसे निष्ठुर, अशी अदलाबदल या मालेच्या मुळाशी असून दुसऱ्या भागात ती आणखी पुढे जाते: मुलांच्या संरक्षणाचे नाव घेणाऱ्या एका संघटनेचा हुकूमशहा प्रमुख या विचित्र कुटुंबाची ताटातूट करतो आणि भुतांच्या गोष्टींवरच बंदी घालू पाहतो. बालवाचकाला मोठ्यांच्या जगातील दांभिकपणा लवकर उमगतो. त्या दांभिकपणावर रोखलेला विनोद त्याला आवडतो, आणि त्याच्या स्वतःच्या भीतीवर केलेला विनोद मात्र त्याला अपमानासारखा लागतो. हा भेद लेखकाने कधीही विसरू नये.

मालेची दुसरी मोठी शिकवण तिच्या घाटात, म्हणजे मांडणीच्या बाह्य आकारात आहे. सातही पुस्तके सलग कथनाऐवजी पत्रे, चिठ्ठ्या, गावच्या वर्तमानपत्राची पाने आणि रेखाटने यांतून उलगडतात. भूत बोलताना ऐकू येत नाही, पण लिहिते. त्यामुळे पत्र हेच त्याचे शरीर होते. नेहमीच्या सचित्र पुस्तकात मजकूर आधी तयार होतो आणि चित्रे मागाहून मोकळ्या जागा भरतात. येथे पत्राचा कागद, शाईचा डाग, हस्ताक्षराची ढब हेच चित्र आणि हाच मजकूर असल्यामुळे लेखक व चित्रकार यांची सीमारेषा पुसली जाते. मराठीत असे करायचे झाल्यास वाड्यावर चिकटवलेली महानगरपालिकेची नोटीस, सोसायटीच्या सूचनाफलकावरचा कागद, शाळेच्या डायरीतील पालकांसाठीचा शेरा, वीजबिल, रेशनकार्ड, लग्नपत्रिका असा कागदपत्रांचा अफाट साठा हाताशी आहे. भुताच्या नावावर अजून चालू असलेला सातबारा, आणि तो उतरवून घेण्यासाठी तलाठ्याकडे घालावे लागणारे हेलपाटे, एवढ्यावर एक पूर्ण भाग उभा राहू शकेल.

याच ठिकाणी मोडी लिपीचा विचार करावा. मराठीतील जुने दप्तर, पत्रव्यवहार आणि हिशेब शतकानुशतके या धावत्या वळणाच्या लिपीत लिहिले गेले, आणि आज ती वाचता येणारी माणसे थोडी आहेत. पेशवाईतला एखादा कारकून भूत होऊन राहिला असेल तर तो बालबोध, म्हणजे देवनागरी, कशाला लिहील? त्याची चिठ्ठी चित्र म्हणून मोडीत छापावी, दोन-चार अक्षरांची किल्ली पहिल्या भागाच्या शेवटी द्यावी आणि प्रत्येक भागात किल्लीत थोडी भर घालावी, म्हणजे तिसऱ्या भागापर्यंत वाचक भुताचे लिखाण कथेतल्या मोठ्या पात्रांच्या आधी वाचू लागेल. नियम, हव्यास आणि चित्र हे तिन्ही येथे एकाच युक्तीत सामावतात. मात्र मोडी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यावा, कारण चुकीची किल्ली देणे हा वाचकाचा विश्वासघात होईल.

चित्रांविषयी एक तत्त्व पक्के धरावे: जे शब्दांत आहे ते चित्रात पुन्हा काढू नये. 'मागे कोणीच नव्हते' असे निवेदक म्हणत असताना चित्रात मागे कोणीतरी असणे, हा या प्रकारातील सर्वांत जुना आणि अजूनही हमखास चालणारा विनोद आहे, कारण त्यात वाचकाला पात्रापेक्षा अधिक कळते आणि भीती व हसू एकाच क्षणी येतात. त्यासाठी लेखकाने संहितेतच, म्हणजे चित्रकाराच्या हाती द्यायच्या मजकुरातच, कोणती माहिती चित्रासाठी राखून ठेवली आहे ते समासात नोंदवावे आणि ती वाक्ये मजकुरातून निष्ठुरपणे कापावीत. लेखक येथे फार हात आखडतात. आपले वाक्य चित्राला देऊन टाकणे त्यांना जड जाते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांना ही अडचण नव्हती, कारण ते लेखक, चित्रकार आणि छपाईतंत्राचे जाणकार असे तिन्ही होते. १९१३ साली त्यांनी सुरू केलेल्या 'संदेश' मासिकात आलेली, बेसूर गवई गुपी आणि ढोलकिया बाघा यांना भुते वर देतात ती गोष्ट पुढे १९६९ साली त्यांचे नातू सत्यजित राय यांनी पडद्यावर आणली.

पान उलटण्याची क्रियाही कथनाचे साधन आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जात असल्याने उजव्या पानाच्या तळाशी वाचक क्षणभर थांबतो. प्रश्न तेथे ठेवावा आणि उत्तर पलीकडच्या डाव्या पानावर, शक्यतो शब्दांविना, चित्राने द्यावे. हे जमले आहे की नाही हे संगणकाच्या पडद्यावर कळत नाही. त्यासाठी डमी करावी, म्हणजे कोरे कागद दुमडून पुस्तकाच्या आकाराची वही शिवावी, तिच्यात अंगठ्याएवढी कच्ची रेखाटने काढावीत आणि मजकुराच्या जागा आखाव्यात. छपाईचा कागद बहुधा सोळा पानांच्या फॉर्म्यात दुमडला जातो, म्हणून एकूण पाने ९६, ११२ किंवा १२८ अशी सोळाच्या पटीत धरावीत. पानांचा निम्मा भाग चित्रांना देऊन ९६ पानांत साधारण दहा ते बारा हजार शब्द बसतात, आणि या वयासाठी ते पुरेसे आहेत. अक्षर १४ पॉइंटाच्या खाली नेऊ नये. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे, नाहीतर संवादाच्या फुग्यांत अक्षरे एकमेकांवर चढतात. पूर्ण रंगीत छपाईचा हट्ट धरण्याचे कारण नाही. भूतकथेला काळी शाईच अधिक मानवते. चित्रकाराने सगळी खोली आडव्या-उभ्या रेघांनी भरून भुताच्या जागी कोरा कागद सोडला, तर खर्चही वाचतो आणि न काढलेली आकृती काढलेल्या आकृतीपेक्षा अधिक जाणवते.

आता भुते कोणती घ्यावीत याकडे वळता येईल. पांढऱ्या चादरीतले, साखळदंड ओढणारे भूत ही युरोपातील प्रतिमा आहे आणि तिची थट्टा ऑस्कर वाइल्ड यांनी १८८७ सालीच कँटरव्हिलच्या भुताच्या कथेत करून ठेवली आहे. तेथील अमेरिकन कुटुंब साखळ्यांचा आवाज होऊ नये म्हणून भुताला वंगणतेल देऊ करते. मराठी मुलखात तर भुतांची जातवार, गाववार आणि व्यवसायवार अशी भरगच्च वंशावळ आहे. वाटसरूला रात्रभर एकाच रानात फिरवणारा चकवा, पाण्याच्या आसपास राहून माणसाला फसवणारा गिऱ्हा, गोव्याच्या व कोकणाच्या गावांत राखणदार म्हणून रात्रीची गस्त घालणारा देवचार, पिंपळावरचा मुंजा; यांतील प्रत्येकाच्या ठिकाणी नियम आधीच तयार आहेत. चकव्याची फजिती मोबाईलच्या नकाशामुळे होईल की नकाशाच चकव्याला सामील होईल, हे लेखकाने ठरवावे. मुंजा तर या वयोगटासाठीच घडल्यासारखा आहे. मुंज झाल्यावर, सोडमुंज होण्यापूर्वी वारलेल्या मुलाचे हे भूत वाचकाच्याच वयाचे असते, कितीही शतके लोटली तरी मोठे होत नाही आणि झाडाला बांधलेले असते. रस्तारुंदीकरणात पिंपळ जाणार असे जाहीर झाले की मालेचा पहिला भाग सुरू होतो.

परंतु या वंशावळीत हात घालताना डोळे उघडे ठेवावे लागतात. हडळ आणि अलवंतीण या समजुतीनुसार बाळंतपणाच्या काळात दगावलेल्या स्त्रिया आहेत, लावसट ही विधवा आहे. म्हणजे ज्या स्त्रियांची समाजाने हयातीत हेळसांड केली त्यांनाच मेल्यावर भीतिदायक ठरवले गेले. उलटे पाय आणि मोकळे केस यांवर सोपा हशा मिळवणे म्हणजे ती हेळसांड पुढच्या पिढीच्या हाती देणे होय. हडळ घ्यायचीच असेल तर तिला नाव, गाव आणि हव्यास द्यावा, आणि तिचे पाय उलटे आहेत याचा विनोद तिने स्वतः करावा. मुंजा ब्राह्मण असतो आणि इतर भुतांनाही जुन्या समजुतींनी जातिधर्म चिकटवले आहेत. भुतांच्या सभेत कोण पिंपळावर बसते आणि कोणाला गावकुसाबाहेर उभे राहावे लागते, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलीच्या तोंडून आला तर हसू आणि अस्वस्थता दोन्ही साधतील. याउलट वेताळाच्या बाबतीत वेगळी काळजी आवश्यक आहे. 'चांदोबा' मासिकाच्या वाचकांना तो विक्रमाच्या पाठीवरचा कोडी घालणारा वेताळ म्हणून परिचित आहे, पण गोव्यात आमोण्यासारख्या गावी त्याचे देऊळ असून तेथे तो पूज्य देवता आहे. कथेतला वेताळ कोणता, हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट असावे.

अंधश्रद्धेचा आक्षेपही पालक व शिक्षकांकडून येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेली मारहाण व छळ हा गुन्हा ठरवला आहे, कारण असे प्रकार प्रत्यक्षात घडतात. गोष्टीत भूत असणे आणि गोष्टीने मांत्रिकाला प्रतिष्ठा देणे या अगदी निराळ्या बाबी आहेत. लिंबूमिरच्या, अंगारा, उतारा यांनी भुताचा बंदोबस्त होतो असे कथेत कधीही दाखवू नये. उलट मांत्रिक हा या प्रकारातील सर्वांत विनोदी खलनायक होऊ शकतो, कारण भूत त्याच्यासमोरच बसलेले असते आणि त्याला ते दिसत नाही. शेवटी सारे भास होते असे उघड करण्याची पळवाटही टाळावी. तिच्यामुळे वाचक सुधारत नाही, फक्त फसवला जातो.

भीतीची मात्रा किती असावी याला मोजमाप नाही, पण काही खुणा सांगता येतात. आर. एल. स्टाइन यांच्या १९९२ पासून निघालेल्या 'गूजबम्प्स' मालेत प्रकरणाच्या शेवटी दचकवून पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत ते मांजर होते असे सांगण्याची युक्ती भरपूर वापरली आहे. ती एका पुस्तकात एकदा ठीक. विनोदी मालेत तिचा अतिरेक झाल्यास वाचक दचकणेच सोडून देतो. प्रत्येक भागात निदान एक प्रसंग खऱ्या भीतीचा असावा, त्यात विनोद मुळीच नसावा, आणि तो प्रसंग मुलाने स्वतःच्या धीटपणाने किंवा हुशारीने पार करावा; भुताने येऊन सोडवू नये. भाषेच्या बाबतीत भुताची मराठी त्याच्या काळाची आणि मुलांची मराठी त्यांच्या शाळेची, गावाची असावी. मालवणी देवचार पुण्याच्या प्रमाण बोलीत बोलू लागला तर त्याचा धाक आणि गंमत दोन्ही जातात. बोली लिहिता येत नसेल तर ती येणाऱ्याला सोबत घ्यावे. हस्तलिखित तयार झाल्यावर ते आठ-दहा मुलांसमोर मोठ्याने वाचावे आणि कोठे हशा पिकला यापेक्षा कोठे चुळबूळ झाली याची नोंद ठेवावी, कारण मुले सभ्यपणे हसतात पण सभ्यपणे चुळबूळ करत नाहीत.

माला म्हणून विचार करताना पहिल्या तीन भागांचा कच्चा आराखडा आधी असावा. घर, मुख्य पात्रे आणि नियमवही कायम राहतात. प्रत्येक भागात बाहेरून येणारे संकट बदलते, जसे क्लाइस भगिनींच्या चौथ्या पुस्तकात ते टपाल कार्यालय बंद पडण्याच्या रूपाने येते आणि पत्रांवर जगणाऱ्या भुताच्या अस्तित्वावरच घाला घालते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचता यावा, कारण शाळेच्या ग्रंथालयात पहिला भाग नेहमी दुसऱ्या कोणीतरी नेलेला असतो. सर्वांत अवघड निर्णय भुताच्या हव्यासाचा आहे. तो पुरा झाला तर भुताला मुक्ती मिळते आणि माला संपते. कधीच पुरा होणार नसेल तर वाचकाला पाचव्या भागापर्यंत ते कळून चुकते. त्यावर एक उपाय असा, की हव्यास पहिल्याच भागात पुरा होऊ द्यावा, भुताला जाण्याची मोकळीक मिळावी आणि त्याने राहण्याचे ठरवावे. मग पुढच्या प्रत्येक भागात ते बांधलेले नसून स्वतःच्या मर्जीने थांबलेले असते, भांडण झाले तर खरोखर निघून जाऊ शकते, आणि ही शक्यता लेखकाने निदान एकदा, शक्यतो चौथ्या भागाच्या आसपास, वाचकाला धाकधूक होईल इतकी जवळ आणावी.